सिग्नल आलाच नव्हता

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगतो. ऑफिसात असा विषय निघाला की पहिली टिंगल मीच करायचो. तरी हे लिहितोय...

आमचं घर भूमजवळच्या वस्तीवर. चिप बनण्याआधी तिचं डिझाइन कॉम्प्युटरवर चालवून तपासायचं — सिम्युलेशन — हे माझं काम. अर्धांगवायूच्या झटक्यात अण्णांची, म्हणजे वडिलांची, वाचा गेली, तेव्हापासून मी त्यांच्या खाटेशेजारी टेबल लावून घरूनच काम करत होतो. त्यांनी एक शब्द तरी बोलावा, एवढंच आईला आणि मला हवं होतं.

आजारपणाआधी त्यांनी एकदा विचारलं होतं, "दिवसभर करतूस काय रं तू?" मी को-रूटीन समजावलं — टेस्टचा एक तुकडा सिग्नलची वाट बघत थांबतो, सिग्नल आला की थांबल्या जागेवरून पुढं चालू होतो.

"म्हंजी आमचं दारं धरणंच की. पाणी सरीच्या टोकाला येईस्तवर गप उभं राहायचं."

पाणी पोचलं की अण्णा शेतातून "आलं..." अशी हाळी द्यायचे आणि आई विहिरीवरची मोटार बंद करायची. मला गंमत वाटली. तेव्हापासून थांबलेला तुकडा पुन्हा चालू झाला की स्क्रीनवर 'आलं' उमटेल, अशी सोय मी करून ठेवली.

त्या दुपारी टेस्ट अडकली होती. डिझाइनमध्ये चूक होती, सिग्नल येतच नव्हता. वैतागून मी ती बंद करणार, तेवढ्यात 'आलं' उमटलं. आणि मागून अण्णांचा आवाज, शेतातल्यासारखाच लांबवलेला — "आलं..."

इतका आनंद मला कधी झाला नव्हता. मी वळलो. आई पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून आली आणि तिनं सरळ जाऊन खाटेवरच्या पंख्याचं बटण बंद केलं.

"पंखा का बंद केलास?"

"आलं म्हणले की ते," ती म्हणाली आणि स्वतःच्याच हाताकडं बघत राहिली.

अण्णांचा श्वास थांबला होता.

नंतर मी त्या सिग्नलचा आलेख काढून बघितला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत शून्य. सिग्नल आलाच नव्हता, मग तो तुकडा पुढं गेला कसा? सोबतच्या इंजिनिअरांनाही सांगता आलं नाही. काहीही न बदलता तीच टेस्ट मी कितीदा चालवली... दरवेळी तिथंच अडकते.

डिझाइनमधली चूक पुढं दुरुस्त झाली. जुनी प्रत मात्र मी जपून ठेवली आहे. एखाद्या दुपारी ती चालवून बसतो. आई स्वयंपाकघरातून विचारते, "आलं का रं?"

"न्हाय अजून," मी म्हणतो.