नाकाची हजेरी

माझ्या साडूभाऊंइतका नुकसानकारक प्रामाणिक माणूस पांढुर्ण्यापासून सौंसरपर्यंत दुसरा सापडणार नाही. सापडलाच तर तोही बहुधा माझ्याच पदरी पडेल.

हातगाडीपासून संत्र्याच्या शेडपर्यंत मी भाव पाडत पाडत आलो. कोरोनात बायकोच्या आग्रहाने साडूभाऊंना शेडच्या फाटकाशी बसवलं. बोरगावच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर कामगारांच्या जखमांना पट्ट्या बांधल्या होत्या, त्यामुळे ते स्वतःला निम्मा डॉक्टर समजत. ताप मोजायचं यंत्र मी घासाघीस करून इतकं स्वस्त आणलं होतं, की चैताच्या उन्हात ते फाटकाच्या खांबालाही ताप दाखवी. साडूभाऊंनी ते बाजूला ठेवलं आणि रोज सकाळी एकेकाला डोळे मिटायला लावून नाकाशी संत्र्याची साल धरू लागले. वास आला तर आत. नाही आला तर घरी, आणि रोजी चालू. हे शेवटचं त्यांनी मला न विचारताच ठरवलं.

एके दिवशी बाहेरगावचा व्यापारी शेडमध्ये येऊन बसलेला, अख्ख्या बहाराचा सौदा व्हायचा, आणि साडूभाऊंनी मलाच अडवलं. सकाळी चहाला वास नव्हता, पण त्याचा दोष मी चहापत्तीवर टाकला होता. मी डोळे मिटले, खोल श्वास घेतला आणि म्हणालो, "मिरगाचा माल आहे. पण साल जाड, भाव कमी येईल." पेट्या भरणाऱ्या बाया पदर तोंडाशी धरून हसायला लागल्या. डोळे उघडले, तर नाकाशी ठेचलेला लसूण.

मी भडकलो, शेड कोणाची ते विचारलं, मग सवयीप्रमाणे अर्ध्यावर आलो: थोडाच वेळ बसतो, दुरून बोलतो.

"भाऊ, तुम्ही बिमारीसंगबी भाव करून राहिले का?" ते म्हणाले. "आत लेकरंवाल्या बाया आहेत. घरी जा."

सौदा गेला. तो व्यापारी आज समोरच्या शेडवरून माल उचलतो आणि मला तिथूनच नमस्कार घालतो.

शेडवर कोणालाच लागण झाली नाही. झाली ती साडूभाऊंना, बहुधा माझ्याच श्वासातून. ते बरे झाले, पण मला परत येऊ लागला तसा वास त्यांना काही परत आला नाही. अजूनही पहिली पेटी उघडली की साल चोळून माझ्यापुढे धरतात. "कसा आहे, भाऊ?"

सौद्याचा राग माझ्या मनात आहेच. शिवाय भाव ठरण्याआधी मालाला चांगलं म्हणायचं नाही, हा माझा जन्माचा नियम. मी आता डोळे उघडे ठेवूनच वास घेतो आणि म्हणतो, "मस्त गोड आहे."

मग डोळे ते मिटून घेतात.