पहिल्याच अंकात घावलेला खुनी

टीव्ही मी पहिल्यांदा बघितला तो पुण्यात, मेहुण्याच्या शेजाऱ्याकडं, दाराला टेकून. सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरात तेव्हा टीव्ही दिसत नव्हता. त्या दिवशी खुनाचं नाटक लागलं होतं. एक शेठ चहा पिता पिता मरतो आणि विष कुणी घातलं ते फौजदार हुडकतो, एवढीच कथा. माझी शाळा चौथीपर्यंत, पण नाटक मला कळतं. आमच्या गल्लीच्या गणपतीत दरसाल नाटक व्हायचं आणि त्यात मी असायचोच.

चांगलं काय होतं ते आधी सांगतो. शेठ मेल्यावर कुणी किंकाळी फोडली नाही. नुसता कप दाखवला. चहावर साय धरत होती आणि घरातली माणसं तिच्याकडं बघत होती. आमच्या मंडपात मरणारा माणूस छाती धरून, लोळून, भाषण करून मरायचा. इथं माणूस गेला आणि चहा निवत राहिला. माझ्या अंगावर काटा आला.

वाईटही होतं. दार आपटलं की भिंत हलायची. फौजदार उन्हातनं हिंडून आला तरी सदऱ्याला घामाचा डाग नाही. स्वैपाकीण बातम्या वाचणाऱ्या बाईसारखी शुद्ध बोलायची. पण माझ्या मते सगळ्यात मोठी चूक वेगळीच होती. खून शेठच्या भाच्यानं केलेला असतो. सुरवातीलाच तो खिडकीपलीकडून स्वैपाकिणीला काहीतरी सांगतो. आवाज येत नाही, ओठ तेवढे हलतात. काय म्हणाला ते शेवटी कळतं: ‘चहात मीच घातलंय, गप बस.’ आता मी गिरणीत माग चालवणारा. मागांच्या खडखडाटात कानाचा उपयोग नसतो, आम्ही एकमेकांचे ओठ वाचूनच बोलायचो. त्या नटाचे ओठ वाचायला गेलो तर काही लागेना. त्यानं तोंड नुसतं हलवलं होतं, शब्द नव्हतेच.

मी तिथंच बोललो, “फसवतोय की लेकाचा.”

“दाजी, गप बघा की,” मेहुणा म्हणाला. शेजाऱ्याची बायको आमच्याकडं वळून बघायला लागली होती.

सोलापुरात आल्यावर मी अण्णाला गाठलं. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. गल्लीच्या नाटकाची तालीम वर्षानुवर्षं तोच घ्यायचा, आणि ती जागा मला पाहिजे होती. मी म्हणालो, “ह्या साली देवादिकांचं नको. खुनाचं नाटक करू. तालीम मी घेतो.”

त्यानं सगळी कथा ऐकून घेतली. “घे. चांगलं झालं तर पुढं दरसाल तूच घ्यायचं. मग मी मरायला मोकळा.” आणि खरंच शेठचं, मरणाऱ्याचं, काम त्यानं मागून घेतलं. फौजदार मी.

टीव्हीतल्या चुका मी एकेक काढल्या. भिंत हलू नये म्हणून पडद्यामागं बांबू ठोकले. खाकी सदरा पाण्यानं ओला करून घालायचं ठरवलं. स्वैपाकिणीचं काम करणाऱ्या गड्याला सांगितलं, घरात बोलतोस तसं बोल. आणि भाच्याला बजावलं, खिडकीतलं वाक्य आवाज न काढता, पण खरंखुरं बोलायचं.

अण्णा म्हणाला, “अरं, त्येला नुसतं तोंड हलवू दे.”

“खोटं नाटक माझ्या हातनं व्हायचं न्हाय.”

“समोर कोण बसणार हायत, इचार कर की.”

“तू मरायचं काम कर,” मी म्हणालो. तालमीतली पोरं हसली. मला बरं वाटलं.

नाटकाच्या दिवशी मंडप भरला होता. निम्मी गिरणी समोर. अण्णा झकास मेला. कप तसाच राहिला, लोक चिडीचूप. मी विंगेत ओल्या सदऱ्यात उभा होतो. मग भाचा खिडकीत आला. ते काम करणाराही गिरणीतल्या आमच्याच खात्यातला, मागावर बोलायची सवय. ओठ असे स्वच्छ हलवले की आंधळ्यालाही दिसावेत.

पहिल्या रांगेतनं आवाज आला, “आयला, ह्येनंच घातलंय!”

मग सगळा मंडप उठला. पद्मशाली विणकरांच्या बाया तेलगूत “वीडे! वीडे!”, हाच हाच, म्हणून बोट दाखवायला लागल्या. अक्कलकोटकडचा एक म्हातारा तेच कानडीत “इवने!” म्हणून ओरडला. मेलेल्या अण्णाचं पोट हलत होतं.

माझी एंट्री अजून व्हायची होती. आत आलो तसा अण्णा पडल्या पडल्या पुटपुटला, “धर त्येला आन पडदा पाड.”

मी ऐकलं नाही. बसवलंय तसंच करणार. स्वैपाकिणीची झडती घेतली, माळ्याला दरडावलं, डॉक्टरला उलटसुलट विचारलं. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर लोकच देत होते. “फौजदारसाहेब, मागं बघा!” “पगार कशाचा घेता वो?” साऱ्या सोलापुरात खुनी ठाऊक नसलेला माणूस मी एकटा उरलो होतो आणि दोन अंक बाकी होते. बायकांच्या बाजूला आमच्या मंडळींनी तोंडावर पदर घेतलेला मला दिसला. सदरा आता घामानंच भिजला होता. तरी शेवटचं वाक्य म्हटल्याशिवाय मी उतरलो नाही.

दुसऱ्या दिवशी खात्यात मागापलीकडून एकेकाचे ओठ: ‘खुनी घावला का?’ मी मान खाली घातली तर खांद्याला हात लावून, मान वर करायला लावून विचारायचे. डबा मी भिंतीकडं तोंड करून खायला लागलो.  

पुढच्या साली अण्णानं तालमीला ये म्हणून निरोप धाडला. मी गेलो नाही. नाटकाला गेलो, बायकोच्या आग्रहानं, आणि मंडपात सगळ्यात मागं उभा राहिलो. पडदा उघडला, बघतो तर तेच नाटक. तेच बांबू, तोच चहाचा कप. खुनी कोण हे गल्लीला ठाऊक म्हणून अण्णानं खुनी बदलला होता. खिडकीत ह्या वेळी डॉक्टर आला आणि त्यानं नुसतं तोंड हलवलं. सगळा मंडप पुढं वाकला. शेकडो माणसं वाचायला बघत होती, कुणाला काही लागत नव्हतं, आणि कुणी हूं की चूं करत नव्हतं. मीही वाकलो होतो. पुण्यात ज्याला चूक म्हणालो, तिथंच नाटकाचा जीव होता. गेल्या साली लोक हसले म्हणून लाज वाटली होती. आता जी वाटली ती कुणी न हसताच वाटली.

नाटक संपल्यावर अण्णा पुढं आला. “ह्ये नाटक माझ्या धाकट्या भावानं पुण्यासनं आणलं. बारकाई समदी त्येची. त्यानं वर यावं.”

लोक माना वळवून बघायला लागले. बायको म्हणाली, “अवो, जावा की.”

“न्हाय.”

“थोरला भाऊ बोलवतोय.”

“पाय उचलंना,” मी म्हणालो. खरंच उचलत नव्हते.

तिनं माझ्याकडं बघितलं, पदर नीट केला आणि रांगांमधनं एकटीच पुढं गेली. आयुष्यात कधी चार माणसांत न बोललेली बाई. पायऱ्या चढली, दिराच्या पाया पडली, त्यानं दिलेला नारळ ओटीत घेतला. टाळ्या तिलाच पडल्या. मी मागं मंडपाच्या बांबूला धरून उभा होतो.

परत येऊन तिनं नारळ माझ्या हातात दिला. “धरा. भावजी म्हनले, पुढच्या साली तालमीला बोलवनार न्हाईत. तुमचं तुमी यायचं.”

मी कधीच गेलो नाही. तालीम शेवटपर्यंत अण्णानंच घेतली.