शिंपल्यांवर पिकलेले वाल

कोपरला खाडीच्या कडेला आमच्या सासरची थोडी जमीन वर्षानुवर्षं ओसाड पडून होती. धाकट्या दिरांना ती डेब्रिजचा भराव टाकणाऱ्याला द्यायची होती आणि मला तिथे वाल पिकवायचे होते. आमच्या ह्यांनी तोडगा काढला: होळीपर्यंत पीक दिसलं तर जमीन राहील, नाहीतर ट्रक येतील. मी हट्टाला पेटले.

पहिला डाव साफ फसला. पावसाचं पाणी साठवायला उन्हाळ्यात खड्डा खणला आणि खालचा काळाभोर गाळ सोनं समजून वाफ्यांवर पसरला. गाळ म्हणजे खत, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. तो वाळला, पिवळा पडला आणि त्यात लावलेली भेंडी करपली. माती तपासून आणली, तर नुसती खारट नाही, आंबटही निघाली. त्या गाळाला वारा लागला की तो आंबतो म्हणे.

"वहिनी, माती पण तुमच्यासारखीच निघाली," दीर म्हणाले.

"सासरची आहे ना, भाऊजी."

गाळ खरवडून बांधाबाहेर लोटला. आंबटपणावर उतारा चुना, म्हणून मी बिल्डिंगमध्ये दारोदार तिसऱ्यांचे शिंपले मागायला लागले. जिन्यात वास सुटला तेव्हा सेक्रेटरींनी मला मीटिंगमध्ये उभं केलं. मी त्यांना सांगितलं, सगळ्यात जास्त शिंपले तुमच्याच घरचे आहेत. विषय तिथेच मिटला.

शिंपले गोवऱ्यांत भाजून, कुटून मातीत मिसळले. उरलेल्या पावसाने खार धुऊन नेला. त्यानंतर पाणी म्हणजे प्लास्टिक अंथरलेल्या खड्ड्यात होतं तेवढंच. म्हणून वालांच्या मधेमधे मडकी पुरली, त्यांतून पाणी झिरपत राहिलं. वरून पेंढा घातला.

थंडीत वाल शेंगांनी लगडले. मी बांधावर बसून चक्क रडले.

मग तिथेच पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, बटाटे, अंडी आणि भोवती जाळ. दीर सगळ्यांच्या आधी हात घालून बसले. तेवढ्यात त्यांना भराववाल्याचा फोन आला. तोंडातली शेंग चघळतच ते म्हणाले, "नाय रे, तिथे नाय जमणार. शेती आहे आमची."

आमची. आदल्या दिवसापर्यंत ते वहिनींचं खूळ होतं. मी त्यांच्या पानात आणखी शेंगा वाढल्या.