आबांची पुण्याई

ललितच्या मॉडिफाइड जीपवाल्या मित्रांना गोंडे, झालरी, स्टिकर म्हणजे निव्वळ गावठीपणा वाटायचा. म्हणून नाशकातल्या जीपच्या मेळाव्याला येणाऱ्या थोरल्या भावाला, बहिरूला, त्याने फोनवर बजावलं, "दादा, जीपवरचं सगळं काढून ये. लोक हसतील."

सुरगाण्यात प्रवासी वाहणारी बहिरूची जीप बोडकी होऊन आली.

"वा, एकदम ओरिजिनल," ग्रुपमधला मनोज म्हणाला. "नाहीतर या जीपा म्हणजे लग्नाचा मांडव."

सगळे हसले. ललितही हसला. मग त्याचं पुढच्या काचेकडे लक्ष गेलं. वडील वारले तेव्हा ललितनेच लिहून घेतलेलं 'आबांची पुण्याई' ब्लेडने खरवडलेलं होतं.

"हे कशाला काढलंस, दादा?"

"तूच सगळं म्हणला ना? मला वाटलं, आबांनापण हसतील."

ललितला त्याच्याकडे बघवेना.