चिंचेने घासलेला गरुड

जुनं नाणं धुवायचं नसतं. दुबईत, मनखूलच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी हे इतक्यांदा बोललोय, की बायको आता ऐकून न ऐकल्यासारखं करते. सांगायची राहिली फक्त आई. ती दिवाळीसाठी पुण्याहून आली होती.

माझ्याकडे चार जुनी अमेरिकन सोन्याची नाणी होती. त्यातलं एक वीस डॉलरचं, मागे गरुड, दुर्मिळ सालाचं, तज्ज्ञांनी तपासून प्लास्टिकच्या डबीत सीलबंद केलेलं. ते विकून लेकीच्या कॉलेजची पहिली फी भरायची होती. व्यापाऱ्याशी बोलणंही झालं होतं. तीस हजार दिरहॅम, म्हणजे सात लाखांच्या आसपास. आणि मी अतिशहाणा! व्यवहार नीट पार पडावा म्हणून धनत्रयोदशीला सकाळी ते देवापुढे ठेवून ऑफिसला गेलो.

संध्याकाळी येऊन बघतो तर काय, नाणं चकचकीत! वर हळदीकुंकू.

"डबी बत्त्याने फोडली रे," आई कौतुकाने म्हणाली. "लक्ष्मीला कुणी असं कोंडून ठेवतं का? तासभर चिंच-मीठ लावून घासलं. केवढा मळ बसला होता!"

अगं, तो मळ नव्हता! ती शंभर वर्षांची तांबूस झाक होती, पैसे तिचेच तर मिळणार होते! मी डोकं धरून बसलो.

"बाबा, रिलॅक्स. इट्स स्टिल गोल्ड," लेक म्हणाली. जिच्या फीसाठी हा सगळा आटापिटा, ती मोबाइलमधून मान वर काढायलाही तयार नाही.

दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याने भिंग लावलं आणि लगेच खाली ठेवलं. "हबीबी, इसको किसने धोया? खलास." त्याने नुसत्या सोन्याच्या वजनाचा भाव सांगितला. निम्म्याहूनही कमी.

फी तर भरायचीच होती. घरी येऊन उरलेली तीन नाणी विकायला म्हणून टेबलावर काढली. वीस वर्षं जिवापाड जपलेली. तेवढ्यात आई आली.

"अगंबाई, हीसुद्धा काळवंडलीयत की! आण इकडे."

"हात लावू नकोस!"

आयुष्यात पहिल्यांदाच मी तिच्यावर असा ओरडलो. तिने हात झटकन मागे घेतले. चिंच-मिठाने तिच्या बोटांची टोकं सोलवटली होती.

"नात शिकायला जायचीय, म्हणून घासलं रे," ती हळूच म्हणाली.

मी ती बोटं पाहिली. तरी आधी नाणीच उचलली आणि कपाटाला कुलूप लावलं.