आतली शिवण

“या, इथे बोटं घाला,” असं मॅडम पेशंटच्या नवऱ्याला सांगायच्या. बाई टेबलावर उताणी, मान जरा उचललेली, आणि बेंबीच्या वर दोन स्नायूंमधल्या खळग्यात नवऱ्याची बोटं. तो लाजून हात काढायला लागला की मनगट धरून ठेवायच्या. “हे खाऊन सुटलेलं नाही. तुमची मुलं वाढवताना फाकलंय.”

परळच्या एका हॉस्पिटलात मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर आणि मॅडम आमच्या प्लास्टिक सर्जन. महातापट. टमी टक, म्हणजे सुटलेल्या पोटाचं ऑपरेशन, हे श्रीमंतांचे नखरे, असं कोणी म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं, आणि माझंही. कातडी ताणून बसवली की फोटो झकास येतो. मॅडम मात्र आधी ते दोन स्नायू बरगड्यांपासून खालपर्यंत जाड धाग्याने जवळ ओढून शिवायच्या. खरं काम तेच, आणि ते बाहेरून कोणाला दिसत नाही.

करी रोडची एक मुलगी आली होती, जुळ्यांची आई. भरलेली कळशी तिला उचलवत नव्हती, आणि शेजारणी विचारायच्या, कितवा महिना. मॅडमनी पोट शिवलं आणि दीड-दोन महिने काही उचलायचं नाही म्हणून घरच्यांना बजावलं. मध्ये गणपती आले. घर पाहुण्यांनी भरलं. सासूने तिला खाली विळीवर नारळ खोवायला बसवलं, मग मोदकांचा भरला टोप उचलायला लावला. आतली शिवण उसवली.

कळल्याबरोबर मॅडम मला घेऊन त्या मुलीच्या चाळीत गेल्या. लोकांना वाटलं, डॉक्टरीणबाई दर्शनाला आल्या. प्रसाद पुढे आला, तो त्यांनी घेतला नाही.

“टाके तर सुकले होते,” सासू म्हणाली. “बसान नारळ खोवूक कसलो त्रास?”

“सुकले ते वरचे. आतले तुम्हाला दिसणार नव्हते, म्हणूनच सांगून ठेवलं होतं.”

नवरा मखराचे दिवे नीट करत राहिला. त्याची ती पाठ आठवली की मला आजही संताप येतो. बायकोचं पोट फाटलंय आणि याचं लक्ष लुकलुकणाऱ्या माळेवर.

पुढच्या उन्हाळ्यात मॅडमनी तिचं पोट पुन्हा शिवलं. घरात लग्न आहे, लवकर सोडा, असा सासूचा फोन आला. मॅडमनी तिला सोडलं, पण दादरला स्वतःच्या घरी नेलं. त्या एकट्याच राहायच्या. मी भेटायला गेले तेव्हा मॅडम कणीक मळत होत्या, तीही धड नाही, आणि मुलगी खुर्चीत बसून रडत होती. दुसरं कोणी राबतंय आणि आपण बसलोय, हे तिला सोसत नव्हतं.

“रड हवी तेवढी. पण उठायचं नाही,” मॅडम म्हणाल्या, आणि पोळपाट पुढे ओढला.

यंदा जानेवारीत मॅडम अचानक वारल्या. तिरडी उचलायची वेळ आली तेव्हा ती मुलगी पुढे झाली. बायकांनी खांदा द्यायचा नसतो, असं कोणीतरी पुटपुटलं. नवरा हळूच म्हणाला, “तू नको गं, पोटावर ताण येईल.” एवढ्या वर्षांनी त्याला तिचं पोट आठवलं.

तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. पदर खोचला, खांदा दिला, आणि जिना उतरून मॅडमना खाली गाडीपर्यंत नेलं.