कुमुदकाकूंचा चष्मा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला तसं सगळं सांगतो मी — कुठल्या गिऱ्हाइकाशी भांडलो, डॉक्टरांनी कुठली गोळी वाढवली, गोड खाऊ नको म्हटलेलं असताना कुठे जिलबी खाल्ली. हे एवढंच राहिलं. राहिलं म्हणजे काय — ठेवलं. मुद्दाम ठेवलं. आज तुम्हाला सांगतोय ते धीर आला म्हणून नाही. आत धरून ठेवायचाही कंटाळा येतो माणसाला. थकलोय, एवढंच समजा.

उज्जैनला देवास गेटपाशी माझं चष्म्याचं दुकान आहे. वडिलांनी थाटलेलं. ते हाताने काच घासायचे — फिरत्या दगडावर, पाण्याची धार सोडत, फ्रेममध्ये चपखल बसेपर्यंत. मीही तसाच शिकलो. काचेच्या कडेवरून अंगठा फिरवला की कुठे केसभर जास्त आहे ते मला कळतं. खोटं नाही सांगत, हात चांगला होता माझा. लोक नाव काढायचे. पण हे मी तुम्हाला कशाला सांगतोय? पुढचं लांबवायला, दुसरं काय!

आमच्या धंद्यात एक वाक्य असतं, प्रत्येक दुकानदाराच्या जिभेवर — ‘चार दिवसांत सवय होईल.’ नवा चष्मा लावला की जमीन वर आल्यासारखी वाटते, पायरी चुकते. मग आम्ही हे वाक्य म्हणतो आणि बहुतेकांना खरोखरच सवय होते. वाक्य खोटं नाही. पण त्याच्या आड काय काय लपवता येतं, हे आमच्याइतकं कुणाला ठाऊक?

कुमुदकाकू आमच्या नानाखेड्याच्या कॉलनीतल्या, मागच्याच घरात राहणाऱ्या. यजमान रेल्वेत होते. ते गेले, मुलगा नोकरीसाठी बाहेर पडला आणि काकू एकट्या राहिल्या. एकट्या म्हणजे शिवणाच्या मशीनसोबत. उज्जैनच्या मराठी घरांत बाळ जन्माला आलं की बाळंतविडा काकूंच्या हातचा — झबली, टोपडी, दुपटी. टोपड्याची शिवण आतून इतकी मऊ, की बाळाच्या कानाला कधी टोचायची नाही. माझ्या मुलीचं बारसं त्यांनीच शिवलेल्या झबल्यात झालं. आणि एवढं नाव असूनही बाई कधी फुशारली नाही. शेजारच्या गुजराती सुनेने नव्या तऱ्हेचं झबलं आणलं, तर काकू ते मागून घेऊन उलटंपालटं करून बघत बसायच्या. स्वतःच्या हातचं उसवायला त्यांना कधी लाज वाटली नाही. मी मात्र... असो. येतो त्याच्यावर.

दुकानात मी काच कापायचं नवं मशीन घेतलं. आपोआप चालणारं. घ्यावं लागलं, कारण आजूबाजूच्या सगळ्यांनी घेतलं होतं. ते शिकवायला कंपनीने इंदूरहून एक मुलगी पाठवली. माझ्या मुलीपेक्षाही लहान असेल. ती समजावून सांगू लागली. ही मला शिकवणार? ती म्हणाली, “अंकल, इसमें लेंस दूसरी साइड से रखना है. आपका हाथ पुराने तरीके से जाएगा, इसलिए निशान ज़रूर देख लीजिए.” मी म्हणालो, “बेटा, तुम पैदा भी नहीं हुई थीं, तब से काँच घिस रहा हूँ.” दुकानात बसलेले हसले. बिचारी तीही हसली. मग तिने तेच पुन्हा सांगितलं, जरा हळू आवाजात, आणि मी तोंड वळवून चहा मागवला. पालथ्या घड्यावर पाणी.

ती काय सांगत होती ते साधं होतं. वडिलांच्या पद्धतीत काच आतल्या बाजूने धरून खूण करायची, या मशीनला ती बाहेरच्या बाजूने करायची. जुन्या सवयीने केली तर आरशात होतं तसं डावं-उजवं उलटतं. बहुतेक चष्म्यांत त्याने काही बिघडत नाही, काच कशीही फिरवा, नंबर तोच. पण काही डोळ्यांचा नंबर तिरका असतो. काचेचा कल एका ठरलेल्या बाजूलाच लागतो. तो उलटा बसला की सरळ रेघ वाकते, बारीक वस्तू फाटल्यासारखी दिसते. अशी गिऱ्हाइकं थोडी असतात. मशीन आलं त्या आठवड्यात माझ्याकडे एकच होतं.

कुमुदकाकू.

चष्मा देताना मी तपासला नाही. माझ्या हातून गेलेली वस्तू मी तपासायची? वडील प्रत्येक चष्मा नंबर मोजायच्या यंत्रावर ठेवून बघायचे, म्हातारपणीसुद्धा. मी ते केव्हाच सोडलं होतं. काकूंनी चष्मा लावला, जरा डगमगल्या, आणि मी ते वाक्य म्हटलं. तेव्हा ते मी खरं समजूनच म्हटलं होतं. ही इथपर्यंतची नुसती चूक. चुकीबद्दल मला काही वाटत नाही, चुका सगळ्यांच्या होतात. तुम्हाला जे सांगायचंय ते त्यानंतरचं आहे.

पंधरवड्याने काकू दुकानात आल्या. रिक्षातून उतरतानाच रिक्षावाल्याचा हात धरून उतरल्या, ते मी आतून बघितलं. त्या वेळी माझ्याकडे आमच्या मराठी मंडळाचे दोघे बसले होते. गणपतीत दुकानाचा सत्कार करायचा त्यांचा बेत होता. शिवाय तरुण मुलांसमोर मी चार शब्द बोलावेत, अशी विनंती. विषयही त्यांनीच आणला होता — ‘माणसाने जन्मभर शिकत राहावं.’ मी आढेवेढे घेत होतो, घेतात तसे. काकू काउंटरला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “विनू, जरा बघ ना रे. सुई ओवायला गेले की धागा बाजूनंच निघून जातो. फर्श टेढं दिसतं. सिढी उतरायला डर लागतो मला.”

मंडळाच्या दोघांतला एक हसून म्हणाला, “काकू, विनायकरावांच्या दुकानातून चुकीचा चष्मा जाईल का?”

मी चष्मा घेतला. यंत्रावर ठेवला. डोळा लावला.

कळायला किती वेळ लागतो? पापणी लवेपर्यंत कळलं. दोन्ही काचा उलट्या. ती इंदूरची मुलगी काय सांगत होती, तेही त्याच क्षणी कळलं, शब्दन् शब्द. कान गरम झाले माझे. मी मान वर करायला मुद्दाम वेळ लावला. बघणाऱ्यांना वाटलं असेल, किती बारकाईने तपासतोय. ‘काकू, ठेवून जा, फ्रेम सैल झालीय’ एवढं जरी म्हटलं असतं ना, तरी भागलं असतं. संध्याकाळपर्यंत काचा बदलल्या असत्या, कुणाला पत्ता लागला नसता. खरं सांगायची तेवढीसुद्धा गरज नव्हती. मग का नाही म्हणालो? ‘चुकीचा जाईल का’ हे वाक्य हवेत होतं आणि मला ते तसंच राहायला हवं होतं. एवढंच. दुसरं काही कारण मी शोधून काढलेलं नाही, आणि शोधलं तरी ते खोटं असेल.

मी म्हणालो, “अगदी बरोबर आहे, काकू. सवय होईल.”

हे खोटं. पण तेवढ्यावर थांबलो असतो तरी... नाही. पुढे आणखी म्हणालो — कुणी विचारलं नव्हतं, कुणी मागितलं नव्हतं — “आता वय झालं, काकू. बारीक काम जरा कमी करा.”

काकू ओशाळल्या. होय, त्याच ओशाळल्या! म्हणाल्या, “माझेच डोळे रे. उगाच तुझा टाइम घेतला.” चष्मा लावला, मान थोडी डावीकडे कलती केली, म्हणजे जमीन सरळ दिसावी, आणि गेल्या. ती कलती मान तेव्हापासूनची.

त्याच संध्याकाळी मी इंदूरला त्या मुलीला फोन केला. दुसरंच काहीतरी विचारायचं नाटक करत मुद्द्यावर आलो. तिने सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, आवाजात कसलाही टोमणा नाही. मी नीट ऐकलं. त्यानंतर माझ्याकडे एकही काच उलटी बसलेली नाही. चष्मा देण्याआधी तपासायलाही लागलो, वडिलांसारखा. म्हणजे शिकलो. ज्या डोळ्यांवर शिकलो ते मात्र तसेच सोडले.

उद्या बोलावू, परवा बोलावू. तुम्ही म्हणाल, घर तर मागेच होतं. होतं ना. त्यांच्या गॅलरीतला दिवा आमच्या स्वयंपाकघरातून दिसतो. काकू पुन्हा एकदा आल्या, या खेपेला घरी. इंदूरला मोठ्या डॉक्टरांना दाखवून येऊ का, विचारायला. डॉक्टरने मिनिटात पकडलं असतं. मी म्हणालो, “कशाला उगाच दगदग? नंबर तोच निघणार.” त्यांनी ऐकलं. वडिलांपासूनचं दुकान, घरचा मुलगा — का ऐकणार नाहीत?

गणपतीत माझा सत्कार झाला. शाल, नारळ. मी भाषण केलं. चांगलं झालं म्हणतात. कारागिराने आपल्याला सगळं येतं असं मानलं की त्याचा हात मेला, असं काहीतरी मी बोललो. टाळ्या पडल्या. काकू पहिल्या रांगेत होत्या, मान कलती करून माझ्याकडे बघत होत्या. टाळ्या त्यांनीही वाजवल्या. आणि मी अडखळलो नाही हो. लोकांना वाटतं, अशा वेळी माणसाची जीभ अडखळत असेल. काही होत नाही. मी पुढचं वाक्य बोललो.

दिवाळीनंतर बायको म्हणाली, काकूंनी मशीन देऊन टाकलं, मुलींच्या कुठल्याशा शिवणवर्गाला. पडून राहिलं तर जीव जळतो म्हणाल्या. मी जेवत होतो. ताटात बघत ‘हं’ म्हणालो. खरं सांगू? मला पहिल्यांदा हायसं वाटलं. आता त्या सुई ओवणारच नाहीत, म्हणजे तक्रारही येणार नाही. त्या ‘हं’बद्दलच तुमच्याशी बोलायचं होतं कदाचित. खोटं तर घाबरून बोललो असं तरी म्हणता येईल. हायसं वाटण्याला काय म्हणायचं?

पुढच्या वर्षी मुलगी बाळंतपणाला आली. नातीला बाजारातलं टोपडं घातलं, चकचकीत, आतून खरखरीत. काकू बघायला आल्या. बाळाच्या कपाळावरून टोपडं जरा मागे सारून बोटाने आतली शिवण चाचपत राहिल्या. मग बायकोला म्हणाल्या, “माफ कर गं. तुझ्या लेकीच्या बाळाला माझ्या हातचं काही नाही. दिसतच नाही बघ.” डोळ्यांना पदर लावला. माझ्यासमोर. माझ्या घरात माझ्या बायकोची माफी मागत होत्या त्या, आणि मी बाळाला खेळवत होतो.

दुसऱ्या दिवशी मी काचा बनवल्या. बरोबर कलाच्या. स्वतः घासल्या कडा, वडिलांच्या दगडावर. पुन्हा पुन्हा यंत्रावर ठेवून बघितल्या. कंपनीने नवी हलकी फ्रेम पाठवलीय, तुम्हाला लावून बघायचीय — अशी थाप मारून त्यांच्या घरी गेलो. खरं तेव्हाही नाही बोललो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

काकूंनी चष्मा लावला. समोरच्या कॅलेंडरवरची बारीक तिथी घडाघडा वाचली. चेहरा उजळला त्यांचा. मग उठल्या, दोन पावलं टाकली आणि भिंत धरली.

“साफ दिसतंय रे,” त्या म्हणाल्या, “पण सगळं त्या बाजूला झुकलंय.”

मला ठाऊक होतं असं होणार. इतके दिवस उलट्या काचेतून बघून बघून त्यांच्या डोळ्यांनी वाकडं तेच सरळ मानलं होतं. आता सरळ त्यांना वाकडं दिसणार. धीर धरला तर ठीक होईल, हेही ठाऊक होतं. म्हणालोसुद्धा, थोडे दिवस लावून तर बघा. काकूंनी चष्मा काढून माझ्या हातात दिला.

“नको रे बाबा. आता कुठं मला सुई ओवायचीय? चालण्यापुरता जुनाच बरा. पडले-बिडले तर उचलायला कोण?”

मी जुना चष्मा घेतला. त्याच उलट्या काचा. फडक्याने पुसल्या, एक दांडी सैल झाली होती ती आवळली, आणि माझ्या हाताने त्यांच्या डोळ्यांवर चढवला. काकूंची मान आपोआप कलली.

“बघ, आता कसं,” त्या म्हणाल्या. “बापाचा हात आहे तुझ्यात, विनू.” आणि आशीर्वाद देतात तसा माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मी तो ठेवू दिला.